बाहीखालचं नाव

रखमाला टोचून घेतलेलं अंग बघवत नसे. कोंडातल्या म्हाताऱ्या ओटीवर बसून एकमेकींच्या हातावरची तुळस, विंचू, पाच ठिपके बघत जुन्या गोष्टी उकरायला लागल्या, की ही पाटी उचलून शेणाला जाई. पोलादपूरच्या बाजारात मशीनवर नाव काढून देणारा बसायला लागला, तेव्हापासून त्याच्या शेजारच्या दुकानातून मिरच्या घेणंही तिनं सोडलं होतं. आणि आता माघात सून आली ती भांडुपची, मानेच्या खाली निळं फुलपाखरू घेऊन.

"दुखलं नाय?" रखमानं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"दुखलं थोडं. पण मस्त दिसतं ना, आई?"

"पैसं देऊन दुखवून घेतलंस, आणि वर मस्त."

त्या दिवसापासून सलोनीच्या पाठीवरची ओढणी सरकली की रखमा मागून येऊन ती वर ओढायची. प्रेमानं नव्हे, चांगली हिसडा देऊन ओढायची.

आषाढ लागला. रखमाच्या मुलाला, सुनीलला, कंपनीतून रजा मिळेना, म्हणून त्यानं बायकोला लावणीला पाठवून दिलं. पोलादपुरात एसटीतून उतरून तासभर चढलं की पिंपळकोंड लागतो. बारा-पंधरा घरांचा कोंड, वर डोंगर, खाली उतरत गेलेली भाताची खाचरं. घरात आता माणसं तीन. रखमा, तिचा नवरा महिपत आणि ही सून. महिपत बोलायला कमी आणि ऐकवायला जास्त. गोड बोलायचा तो फक्त बैलांशी.

लावणीचा चौथा दिवस होता. महिपत वरच्या खाचरात चिखल करत होता आणि खालच्यात दोघी सासूसुना वाकून रोपं लावत होत्या. सलोनीला दर दहा मिनिटांनी कंबर धरून उभं राहावं लागे. रखमा मात्र खाली वाकली की भाकरीच्या वेळेलाच वर होई. तिच्या झंपराच्या बाह्या मनगटापर्यंत लांब होत्या. उन्हाळा असो, लावणी असो, कुणाच्या घरचं लग्न असो, बत्तीस वर्षांत कोंडानं तिचं कोपर पाहिलं नव्हतं. त्या बाह्यांवरून बायका तिला 'मास्तरीण' म्हणायच्या. लावणीत त्या बाह्या चिखलात बुडत, सुकत नसत, आणि आतली कातडी शिजल्यासारखी पांढरी पडे. दर वर्षी पायांना चिखल्या व्हायच्या, तशा रखमाच्या हातालाही व्हायच्या.

भाकरी खायला दोघी बांधावर बसल्या तेव्हा सलोनीनं नाक वाकडं केलं.

"आई, हात बघू. वास येतोय त्याला."

"राहू दे गो. लावणी झाली की सुकतंय."

सलोनी ऐकणारी नव्हती. तिनं सासूचा डावा हात मांडीवर घेतला, मनगटाचं बटण काढलं आणि ओली बाही कोपरापर्यंत सरकवली. रखमा हात ओढून घेईपर्यंत सगळं उघडं पडलं होतं. सडलेल्या कातडीच्या वर एक जुना डाग होता, चकाकणारा, सुरकुतलेला, चार बोटं रुंद. त्या डागाच्या आतून निळसर अक्षरं दिसत होती.

"द... त्ता... राम," सलोनीनं शाळेत फळा वाचावा तसं मोठ्यानं वाचलं. "दत्ताराम कोण, आई? बाबांचं नाव तर..."

वरच्या बांधावर महिपत बैल थांबवून पाणी पीत होता. त्यानं तांब्या खाली ठेवला, चाबूक घेतला आणि काही न केलेल्या बैलाच्या पाठीवर ओढला.

सलोनीला आपलं काय चुकलं ते कळलं नाही. रखमानंही सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात फार नव्हतंच.

एकाहत्तर साली रखमा सोळा वर्षांची होती आणि नाते गावी बापाच्या घरी होती. पिंपळकोंडाच्या बाळूचा थोरला मुलगा दत्ताराम मुंबईला गिरणीत होता, त्याची सुपारी तिच्यासाठी फुटली. तेव्हा तिकडे रीत होती, सुपारी फुटली की नवऱ्या मुलाचं नाव मुलीच्या हातावर घालायचं. नाव पडलं की मुलगी त्या घरची झाली, मग तिला दुसरं कुणी विचारायचं नाही. आईनं गोंदणारीण बोलावली. शाळेच्या गुरुजींनी कागदावर मोठ्या अक्षरांत नाव लिहून दिलं, ते बघत बघत गोंदणारणीनं तीन सुया एकत्र बांधून काजळी आत भरली. दोन मावश्या रखमाच्या मांड्यांवर बसल्या होत्या. हात आठ दिवस सुजून होता आणि नवव्या दिवशी बातमी आली, की दत्ताराम लग्नाला येत नाही, मुंबईत त्यानं दुसरी बाई धरली आहे.

रखमाचा बाप पिंपळकोंडावर येऊन बाळूच्या अंगणात बसला. पोरीवर नाव पडलंय, आता तिला कोण पदरात घेणार, एवढंच विचारत राहिला. बाळूनं शब्द राखला. थोरल्याच्या जागी धाकटा महिपत पाटावर बसवला. महिपतला कुणी विचारलं नाही, हेही खरं. रखमाला विचारायची तर पद्धतच नव्हती.

महिपत चौथी शिकलेला. पहिल्या रात्री चिमणीच्या उजेडात त्यानं बायकोचा हात वाचला. पाचव्या दिवशी तो रानातून बिब्बे घेऊन आला, तापवले, तिचं मनगट गुडघ्याखाली दाबलं आणि अक्षरांवर तेल लावत बसला. "जाईल," एवढं म्हणाला. कातडी गेली, नाव गेलं नाही. पुढल्या वर्षी चुना लावून झाला. त्यानं डाग तेवढा वाढला. मग त्यानं शिंप्याला बाहीचं माप दिलं, आणि त्यानंतर दत्तारामचं नाव त्या घरात कुणी घेतलं नव्हतं. आज सुनेनं घेतलं होतं, तेही बांधावर बसून.

योग असा विचित्र, की त्याच दिवशी चारच्या सुमाराला खालच्या पायवाटेनं एक बाई चढून आली. पन्नाशीची, ठेंगणी, एका हातात छत्री आणि रेक्झिनची पिशवी, दुसऱ्या हातात चिखलानं भरलेल्या चपला. बांधावर उभं राहून तिनं धाप टाकली.

"महिपत भावोजींचं शेत हेच का?"

"कोण भावजी?" महिपत वरून म्हणाला.

"मी तुळसा. दत्तारामची. तो चैत्रात गेला, कळलं असेल."

"कळलंवतं."

कळलं होतं म्हणजे निरोप आला तेव्हा महिपतनं आंघोळ केली होती आणि पुन्हा कामाला लागला होता. तुळसानं उभ्या उभ्याच आपलं सगळं सांगितलं. गिरणी गेल्यावर दत्ताराम वॉचमनकी करत होता, राहायची खोली त्या नोकरीची होती, तो गेला तशी खोली गेली. मूलबाळ नाही. "त्याच्या वाट्याचं झऱ्याचं खाचर आहे ना, तेवढं मला द्या. मी कसून खाईन. दुसरं काही मागणार नाही."

झऱ्याचं खाचर म्हणजे ज्यात त्या क्षणी रखमा आणि सलोनी घोट्याएवढ्या चिखलात उभ्या होत्या तेच. बाळूनं मरताना वाटणी केली, तेव्हा ते दत्तारामच्या नावावर गेलं होतं. दत्ताराम कधी बघायला आला नाही आणि महिपत तीस वर्षं कसत राहिला. बाराही महिने पाणी धरणारं ते एकच खाचर. घरचा अर्धा तांदूळ त्यातून यायचा. ते गेलं तर शिमग्यानंतर विकतचा तांदूळ खायचा, हे सांगायला त्या घरात कुणाला हिशोबाला बसावं लागलं नसतं.

"लगीन लागलंय तुजं त्याच्याशी?" महिपतनं विचारलं. "कागद हाय?"

"कागद नाही. रेशनकार्डावर नाव आहे माझं."

"रेशनकार्डावर कुणाचंबी नाव असतंय. जा, आली तशी जा."

ती गेली नाही. कोंडाचा वडीलधारा महादू तात्या, त्यानं तिला आपल्या पडवीत जागा दिली आणि गुरुवारी सहाणेवर, देवळापुढच्या ओट्यावर, गावकी बसवायचं ठरवलं. वारसाची चौकशी करायला तलाठी शनिवारी यायचा होता. गाव सांगेल तेच तो लिहिणार, म्हणजे गावानं काय सांगायचं ते आधी ठरायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रखमानं चहाचा पेला पुढे ठेवला, तेव्हा महिपत तिच्याकडे न बघता म्हणाला, "गुरवारी तू बी यायचं सहाणंवर."

"बायमाणसाचं तिथं काय काम?"

"बाही वर करायची."

रखमानं चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"लोकांना दाखवायची," महिपत सांगू लागला. रात्रभर त्यानं हेच घोळवलं असावं. "दत्तारामचं नाव आदी ह्या घरात पडलंय. नाव पडलं म्हंजे लगीन, ही आपली रीत. सगळ्यांना ठावं हाय. मग ती मुंबईची कोण? ठेवलेली. ठेवलेलीला वाटा कसला?"

"आणि मी कोण?"

"तू काय? तू हायसच की हितं."

तो चहा पिऊन गोठ्याकडे गेला. रखमाच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या नावासाठी ह्या माणसानं तिचा हात जाळला, बहिणीच्या लग्नात तिला बांगड्या भरू दिल्या नाहीत, ती तापानं फणफणलेली असताना दवाखान्यात तिला इंजेक्शन सुद्धा बाहीवरून घ्यायला लावलं, तेच नाव त्याला आता तांदळासाठी हवं होतं. तिनं पेला उचलला आणि इतक्या जोरानं घासला की राखेनं बोटं सोलवटली.

सलोनीनं आतून सगळं ऐकलं होतं. दुपारी रोपांच्या जुड्या बांधताना ती हळूच म्हणाली, "आई, ते नाव जातं आता. ठाण्यात लेझर करतात. माझ्या मैत्रिणीनं काढून टाकलं."

"आता घालवून काय करू? आता तर त्यांना पायजे झालंय."

"मग तुम्ही नाही म्हणा ना."

"तू म्हणून बघ."

सलोनीनं जुडी बांधली, पुन्हा सोडली, पुन्हा बांधली. मग म्हणाली, "मला वाटायचं, गोंदण म्हणजे हौसेनं काढतात."

"ज्यांना उठून जायला येतं ते हौसेनं काढतात," रखमा म्हणाली. "माज्या मांडीवर दोघी बसल्यावत्या."

बुधवारी रखमा डोक्यावर रोपांचा भारा घेऊन झऱ्याच्या खाचराकडे उतरली, तर तुळसा तिथं साडी खोचून चिखलात उभी. तिनं लावलेली दोन-तीन रोपं पाण्यावर तरंगत होती.

"वर हो," रखमा म्हणाली. "अजून गुरवार गेला नाय. माज्या शेतात पाय टाकू नको."

"जाऊबाई, मी नुसतं बघत..."

"मला जाऊबाय बोलू नको."

तुळसा बांधावर चढली. पायाला लागलेली जळू तिला दिसत नव्हती. रखमाला दिसली, पण तिनं सांगितलं नाही.

"महादू तात्यांनी सांगितलं मला," तुळसा म्हणाली. "तुमच्या हातावर नाव आहे म्हणून. मला ते आधीपासून माहीत होतं. महालक्ष्मीच्या जत्रेत मी एकदा त्याचं नाव काढून घ्यायला बसले होते, लग्न नाही तर निदान नाव तरी. त्यानं माझा हात ओढला. म्हणाला, एकीच्या हातावर पडलंय, तेवढं पाप पुरे आहे मला."

रखमानं भारा खाली टाकला. ह्या बाईचं तोंड धरून चिखलात दाबावं, असं तिला खरोखर वाटलं.

"म्हंजे त्याला ठावं व्हतं."

"हो."

"सगळी वर्सं ठावं व्हतं. आणि एकदा हिकडं तोंड दाखवायला आला नाय."

"त्याला लाज वाटायची."

"लाज त्याला वाटायची आणि झाकायचं मी," रखमा म्हणाली. "बरं जमवलंनीत दोघांनी."

तुळसा छत्रीच्या मुठीला धरून उभी राहिली. "शेवटची दोन वर्षं तो अंथरुणात होता. भरवणं, धुणं, सगळं मी केलं. तेवढंच सांगायला आले होते."

"केलंस तर केलंस. मला कशाला सांगतीस?"

तुळसा गेली. रखमा संध्याकाळपर्यंत लावत राहिली. तिची लावणी नेहमी सुतासारखी सरळ असायची, त्या दिवशी रांगा वाकड्या गेल्या. तुळसाचा राग, दत्तारामचा राग, आईचा राग, आणि घरी जो माणूस जेवायला वाट बघत बसला असेल त्याचा राग, सगळे एकात एक कालवले गेले होते आणि वेगळे करायला तिला सवड नव्हती.

गुरुवारी पाच वाजता गावकी बसली. देवळापुढच्या सहाणेवर पत्रा घातलेला, त्याखाली पुरुष. बायका कडेला, प्लास्टिकच्या खोळी पांघरून. तुळसा महादू तात्याच्या सुनेच्या आडोशाला उभी होती. महिपत लग्नाला निघाल्यासारखा धुतलेला सदरा घालून आला होता आणि बत्तीस वर्षांत बोलला नसेल एवढं त्या दिवशी बोलला.

"आपल्या गावात सुपारीनंतर नाव घालायचं, म्हंजे ती बायको, हे जुन्या माणसांनी सांगावं. हिच्या हातावर थोरल्याचं नाव पडलं. आदी पडलं. दत्ताराम मग कुठंबी शेण खाऊ दे, त्याचं नाव ह्या घरात हाय. बाहेरच्या बाईचा काय संबंध नाय. नाय पटत तर वाचा." आणि त्यानं वळून हाक मारली, "ये गो."

रखमा पुढे आली. इतक्या पुरुषांत ती कधी उभी राहिली नव्हती. तिनं बटण काढलं. बाही सडक्या जागेला चिकटली होती, ती सोडवताना तिच्या तोंडून आवाज निघाला. आभाळ भरून आलं होतं, म्हणून चंदू नावाच्या पोरगेल्या माणसानं बॅटरी लावून धरली. माना पुढे आल्या. लिलावाची गाय बघावी तसे सगळे तिचा हात बघत होते, आणि कुणी कुणी तो वळवून बघायला हातही लावला.

"दत्ताराम," चंदू वाचून म्हणाला आणि हसला. मग कुणी हसलं नाही म्हणून गप्प झाला.

महादू तात्या बराच वेळ बघत होता. "अक्षरं पुसट हायत. ह्यो डाग कसला?"

"भाजलंवतं कवातरी," महिपत घाईनं म्हणाला. "चुलीवर."

"भाजलं नाय," रखमा म्हणाली. "भाजवलं."

तिनं हात तात्याच्या पुढे धरला.

"लग्नाच्या पाचव्या दिवशी बिब्बा घातला. पुढल्या वर्सी चुना. मग ही बाही शिवली."

"कुणी?" तात्यानं विचारलं.

"ज्यांनी आज वाचायला बोलावलंय त्यांनी."

महिपतचं तोंड काळंठिक्कर पडलं. बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी जीभ टाळ्याला लावून चुकचुकलं. तात्यानं दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले.

"महिपत, नाव पडलं म्हंजे लगीन, असं तू बोल्लास. ते तुला मान्य व्हतं तर जाळलंस कशाला? आणि मान्य नव्हतं तर आज दाखवतोस कशाला?"

"माज्या बायकोचा हात हाय," महिपत ओरडला. "जाळीन न् काय बी करीन, गावाचं काय गेलं त्यात?"

"झालं तर मग. बायको तुजी. तूच बोल्लास." तात्या रखमाकडे वळला. "तुला काय सांगायचं असलं तर सांग."

रखमानं तुळसाकडे बघितलं. तिच्याबद्दल माया यावी असं काहीही आतून उठलं नाही.

"ही बाय मला आवडत नाय," ती म्हणाली. "हिचं तोंड बघावंसं वाटत नाय. पण त्याचं केलं ते हिनं. ह्या हातानं त्याला कधी भाकर वाडली नाय. नाव काय, कुणीबी घालतंय."

तात्यानं मान हलवली. गावकीचं ठरलं, दत्तारामची बायको म्हणून तुळसाचं नाव सांगायचं. शनिवारी तलाठ्यापुढे पहिली साक्ष रखमाची, मग गावाची.

घरी जाताना महिपत नेहमीसारखा पुढे होता, पण पावलं जड पडत होती. जेवला नाही. शुक्रवारी दिवसभर त्यानं बैलांनाही शिव्या घातल्या. संध्याकाळी सलोनी पाण्याला गेली तेव्हा तो रखमासमोर येऊन उकिडवा बसला. असा तो कधी बसत नसे.

"आंगठा उठवलास तर झऱ्याचं खाचर गेलं," तो म्हणाला. "शिमग्यानंतर चुलीवर काय ठेवशील? सुनील काय बोलंल, आयनं शेत घालवलं?"

"बोलंल. ऐकून घेईन."

तो थोडा वेळ जमिनीवर काडीनं रेघा मारत होता. मग खाली बघतच म्हणाला, "हे बग. उद्यापासून आखूड बाहीचा झंपर घाल. मी काय बोलणार नाय. कवाच बोलणार नाय. फकस्त आंगठा उठवू नको."

रखमानं आयुष्यात एवढीच गोष्ट मागितली असती. पहिल्या वर्षी म्हणाला असता, सुनील झाल्यावर म्हणाला असता, तरी ती त्याच्या पायाशी बसली असती. आता तो तिचा हात तिलाच परत देत होता, आणि तोही एका खाचराच्या बदल्यात. तिला हसू आलं, आणि ते हसू बघून महिपत उठून ओटीवर गेला.

रात्रभर तिला झोप लागली नाही ती शेताच्या काळजीनं. तांदूळ जाणार होता, हे काही खोटं नव्हतं. सुनील पैसे पाठवील, पण महिन्याच्या महिन्याला पाठवील का? सलोनीला मूल झालं म्हणजे? हे सगळं तिनं आडवं पडून मोजलं, आणि सकाळी उठून तिनं चुलीला सारवण घातलं, बैलांना वैरण टाकली आणि महादू तात्याच्या ओटीकडे निघाली. सलोनी न सांगता मागून आली.

तलाठी तरुण होता. पोलादपुरातून चालत येऊन त्याचे मोजे भिजले होते, ते त्यानं खांबाला वाळत घातले होते. समोर पत्र्याची पेटी, तिच्यावर कागद. तुळसा भिंतीशी बसलेली, पिशवी पोटाशी धरून. महिपतही आला होता. तो ओटीवर चढला नाही, अंगणात पागोळ्यांच्या खाली छत्री धरून उभा राहिला.

तलाठ्यानं जबाब वाचून दाखवला. मयत दत्ताराम बाळू ह्याच्यासोबत तुळसा ही बायको म्हणून मरेपर्यंत राहिली, आपल्याला ते माहीत आहे, आपण ही साक्ष राजीखुशीनं देत आहोत.

"बरोबर आहे ना, बाई? कुणाच्या दबावाखाली नाही ना?"

"बरोबर हाय."

"रखमा," अंगणातून महिपत म्हणाला. चारचौघांत त्यानं तिला नावानं हाक मारली ती ही पहिली. आवाजात धाक नव्हता, विनवणी होती, आणि तेच तिला सर्वांत जास्त खुपलं. तिनं मान वळवली नाही.

तलाठ्यानं शाईच्या पॅडवर पाण्याचे दोन थेंब टाकून ते बोटानं पसरवलं. मग अंगठा घेणारे सगळे करतात तसं त्यानं हात पुढे करून तिचं मनगट धरलं.

रखमानं मनगट झटक्यात सोडवून घेतलं. तलाठी दचकला.

"हात धरू नका," ती म्हणाली. "माजा मी लावते."

तिनं अंगठा पॅडवर टेकवला, कागदावर आणला आणि असा दाबून धरला, की तलाठ्याला पुरे म्हणावं लागलं.